तुटलेल्या वीजतारेने मृत्यू: निष्काळजीपणा सिद्ध करावाच लागतो का?

धायरीकर
शेजारच्या घरातले कर्ते गृहस्थ (वय 38, रिक्षाचालक, मागे बायको, दोन मुलं, आई) पावसात रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने गेले. वीज कंपनी म्हणते, वादळात फांदी पडली, आमचा दोष नाही. दोष कसा दाखवायचा? थेट हायकोर्टात जावं का?

दिवाणी_दावा
दोष दाखवायची गरजच नाही. मध्य प्रदेश वीज मंडळ वि. शैल कुमारी, 2002. तिथेही पाऊस, तिथेही तार, सायकलवरून घरी निघालेला कामगार. मंडळ म्हणालं, तार तिसऱ्याच माणसाने वीजचोरीसाठी ओढली होती. सुप्रीम कोर्टाने ऐकलं नाही: वीज धोक्याचीच, ती पुरवणाऱ्यावर स्ट्रिक्ट लायबिलिटी (दोष नसला तरी जबाबदारी), आणि अशी चोरी रोखणंही मंडळाचंच काम.

रिट (थेट हायकोर्टातला अर्ज) टाळा. घटनेच्याच तपशिलावर वाद असेल तर भरपाई रिटमध्ये ठरवू नये, असं सुकमणी दास निकालात (1999) म्हटलंय, आणि कंपनी वाद घालणारच. पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात दिवाणी दावा लावा. मुदत मृत्यूपासून 2 वर्षं, मुदत कायदा अनुच्छेद 82. लोक 3 धरून बसतात आणि दावा बुडतो. पत्नीला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

कायदेभान
कारखान्यातल्या ओलियम वायूगळतीचा सुप्रीम कोर्टाचा एम. सी. मेहता निकाल (1986) लावला तर? त्यातल्या जबाबदारीला अपवादच नाहीत.

दिवाणी_दावा
तो घातक उद्योगांसाठी. पर्यायी मुद्दा म्हणून लिहा, पण भिस्त शैल कुमारीवर ठेवा. रायलँड्स वि. फ्लेचर या इंग्लंडमधल्या निकालापासून (1868) चालत आलेल्या स्ट्रिक्ट लायबिलिटीच्या नियमाला दैवी आपत्तीचा अपवाद आहे, कंपनी तिथूनच निसटू बघेल. पण पुण्यात जुलैत फांदी पडणं ही कसली दैवी आपत्ती!

तारमिस्त्री
खरा प्रश्न फांदीचा नाहीच. रस्त्यावरची तार तुटली की ती निर्धोक करणारं साधन लाइनला हवं, असा नियम आहे. मग प्रवाह चालू कसा राहिला? त्या वेळेची फीडर ट्रिपिंगची (त्या भागाची वीजवाहिनी आपोआप बंद पडल्याची) नोंद आणि पावसाळ्यापूर्वीच्या फांद्या छाटणीचं रजिस्टर माहिती अधिकारात आत्ताच मागा. विद्युत निरीक्षकांचा अहवाल (वीज कायदा, कलम 161), पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रमाणित प्रती घ्या.

दिवाणी_दावा
रक्कम मोटार अपघाताच्या सूत्राने मांडा. उत्पन्न महिना 20,000 धरलं, तर स्वयंरोजगार आणि वय चाळिशीच्या आत म्हणून 40 टक्के वाढ, म्हणजे 28,000. अवलंबून चौघे, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: 21,000. गुणिले 12, गुणक (वयानुसार ठरलेली वर्षं) 15: 37,80,000. कोर्ट फी मोठी बसेल, तीही विधी सेवेकडूनच मागा. परमिट, बॅज, बँक पासबुक जोडा, नाहीतर उत्पन्न किमान वेतनावर आणून ठेवतात.