अनुभव हवेत : गरोदरपणातली मारहाण आणि आजूबाजूची माणसं

गरोदर बाईला नवरा मारतो हे कळलं की आधी ऐकू येतं, "अशा दिवसांत? शक्यच नाही." जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली दहा देशांतली पाहणी प्रसिद्ध केली. एखाद्या तरी गरोदरपणात मार खाल्लेल्यांचं प्रमाण जपानमधल्या शहरात १ टक्का, तर पेरूच्या एका प्रांतात २८ टक्के निघालं. त्यांतल्या पाव ते निम्म्या जणींना पोटावर लाथा-बुक्के बसले होते. मारणारा ९० टक्क्यांहून जास्त वेळा त्याच बाळाचा बाप.

म्हणून विचारतेय. तुम्ही शेजारी, नातेवाईक, नर्स, कुणीही असाल, तेव्हा नेमकं काय केलंत? किंवा तुमच्यासाठी कुणी काय केलं? नावगाव, ओळख पटेल असं काही लिहू नका. घरातल्या सगळ्यांच्या हातात पडणाऱ्या फोनवरून तर लिहूच नका.

शेजारीण
भिंतीपलीकडून आवाज यायचे. मी बेल वाजवायचे, काहीतरी निमित्त काढून. तेवढ्यापुरतं थांबायचं. नंतर ती एकटी भेटली तेव्हा एवढंच म्हटलं, "मला ऐकू येतं. तू सांगितलंस तर मी आहे." लगेच काही बोलली नाही. बऱ्याच दिवसांनी स्वतःच आली. मग आमचं ठरलं : तिने फोनवर एक ठरावीक वाक्य बोललं की मी थेट पोलिसांना फोन करायचा. तपासणीची फाईल, ओळखपत्रं, थोडे पैसे आणि कपडे माझ्याकडे ठेवले. "सोडून दे त्याला" असं मी एकदाही म्हटलं नाही. बाई घर सोडते तो काळ बहुतेक वेळा सगळ्यांत धोक्याचा असतो, त्यामुळे केव्हा निघायचं हे तिनेच ठरवायला हवं होतं. ती निघाली तेव्हा दुपार होती आणि तो घरी नव्हता.

प्रसूती विभागातली नर्स
वरच्या ताईंनी फार योग्य केलं. आमच्याकडे प्रत्येक बाईला तपासणीच्या वेळी थोडा वेळ एकटीलाच आत घेतात. सगळ्यांनाच तसं करतात, म्हणून नवऱ्यांना संशय येत नाही. नवरा किंवा सासू शेजारी असताना हा प्रश्न काढायचाच नाही. मी सरळ विचारते, "घरी कुणाची भीती वाटते का? कुणी हात उचलतं का?" कित्येक जणी नाही म्हणतात आणि पुढच्या खेपेला हो म्हणतात.

दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असू द्या. पोटावर मार बसला तर दुखत नसलं, रक्त जात नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बाळाला पोसणारी वार (प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटू शकते आणि ते बाहेरून दिसेलच असं नाही. दुसरं, गळा दाबला असेल तर "सोडलं ना शेवटी" म्हणून विषय संपवू नका. मानेवर वळ नसतानाही आत इजा झालेली असू शकते, आणि असा नवरा पुढे जीव घेण्याचा धोका बराच वाढलेला असतो. जखम कशी झाली ते बाईच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. पुढे तक्रार करायची झाली तर तो कागद कामी येतो.

धाकटा दीर
माझ्या भावाबद्दल आहे. त्याला जाब विचारण्याआधी मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "भाऊजी, आत्ता नको, तुम्ही गेलात की राग माझ्यावर निघेल." म्हणून थांबलो. तिला तपासणीला न्यायचं काम मात्र मी घेतलं. तेवढा वेळ ती मोकळी बोलायची, तिच्या बहिणीला फोन करायची. आई म्हणत राहिली, बाळ आलं की सुधारेल. मी आईला स्पष्ट सांगितलं की हे वहिनीसमोर पुन्हा म्हणायचं नाही.

नाव नको
मी त्यातून गेलेय. "तुझीच चिडचिड वाढली असेल या दिवसांत" हे मला माझ्या माणसांनी ऐकवलं. एका जावेने फक्त म्हटलं, "माझा विश्वास आहे तुझ्यावर. चूक तुझी नाही." त्या दिवशी मी पहिल्यांदा डॉक्टरांना खरं सांगितलं.

एक मागणं आहे. बाळ झाल्यावर सगळे बाळ बघायला येतात आणि मग येणं थांबतं. माझा मार थांबला नव्हता. जाऊ मात्र रोज त्याच वेळेला फोन करायची, उचलला नाही तर घरी यायची.