सामूहिक दावा मागे घेतला, मग आता?

प्रश्न: कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या पाद्र्यांच्या शाळेत लहानपणी माझ्या नवऱ्यावर लैंगिक अत्याचार झाले. बावन्नाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं, सामूहिक दाव्याच्या, म्हणजे अनेक पीडितांनी मिळून लावलेल्या एकाच दाव्याच्या, वकिलांकडे नाव नोंदवलं. काल पत्र आलं, दावा मागे घेतला जातोय. त्याने ते घडी करून पाकिटात परत सरकवलं आणि गवत कापायला गेला. संपलं का सगळं?

उत्तर १: नाही हो ताई. मागे घेणं म्हणजे हरणं नव्हे. तिथल्या १९९२ च्या कायद्याप्रमाणे कोर्टाच्या मंजुरीशिवाय असा दावा मागे घेताच येत नाही. शिवाय लैंगिक अत्याचाराच्या दिवाणी दाव्याला २०१६ पासून कालमर्यादाच नाही. स्वतंत्र दावा लावता येतो.

उत्तर २: शेजारच्या क्वेबेक प्रांतानेही २०२० मध्ये ती मर्यादा काढली. पण मंजुरीच्या आदेशात ‘पुन्हा दावा करता येणार नाही’ अशी अट आहे का, ते आधी बघा. वकील स्वतःचा हवा, सामूहिक दाव्यातला नको.

प्रश्नकर्ती: आदेशाची तारीख पत्रात असेल ना? पाकीट त्याच्याच खणात आहे. त्याला विचारल्याशिवाय मी उघडणार नाही. गेल्या खेपेला विचारायला मला अकरा वर्षं लागली होती.

उत्तर १: कोर्टाच्या कचेरीत फोन करा, तारीख तिथेही कळेल.