रो-हाऊसला सोलर ३ किलोवॅटचं पुरेल की ५ घ्यावं?

ऐरोलीकर_ताई
मंडळी, ऐरोलीला आमचं रो-हाऊस आहे, पाच माणसं, दोन एसी, गीझर. मे महिन्याचं ४८० युनिटचं बिल बघून एजन्सीवाला म्हणतो ५ किलोवॅटच घ्या. सासूबाईंच्या एफडीतले पैसे मोडून करतोय म्हणून नीट समजून घ्यायचंय, साइझ काढतात कशी?

पाचपाखाडी
ताई, एकट्या मे वर जाऊ नका, तेव्हा एसी रात्रभर चालू असतो. वर्षभराची बिलं काढा आणि युनिटची बेरीज करा, रुपयांची नाही. त्याला ३६५ ने भागा, मग ४ ने भागा, कारण आपल्याकडे १ किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं. जुलैमध्ये बरंच कमी होतं, त्याचं टेन्शन घेऊ नका, नेट मीटरिंगमध्ये वापरून उरलेले, वीज कंपनीच्या लाईनमध्ये गेलेले युनिट पुढच्या बिलात जमा होतात आणि मार्चअखेर हिशोब होतो.

ऐरोलीकर_ताई
केली बेरीज, वर्षाचे ४१०० युनिट. म्हणजे दिवसाला ११ च्या वर, भागिले ४... २.८ आलं!

नेरूळ_से१०
मग ३ च घ्या, ५४० वॅटचे सहा पॅनल झाले. पीएम सूर्यघरची सबसिडी १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ ला ७८,०००, त्याच्या वर कितीही लावा ७८,००० च मिळतात, म्हणजे वरच्या २ किलोवॅटचा सगळा खर्च तुमच्या खिशातून आणि मार्चला उरलेल्या युनिटचा वीज कंपनी देते तो दर अगदीच कमी. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं नक्की असेल तरच मोठं बघा.

आणि सही करायच्या आधी सावली बघा हो, कळकळीने सांगतोय. आमच्याकडे माणूस एप्रिलमध्ये दुपारी बाराला येऊन माप घेऊन गेला, तेव्हा गच्ची लख्ख होती. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली उतरला आणि टाकीची सावली तीनच्या आत दोन पॅनलवर यायला लागली, मोबाईलवर बघितलं तर आकडा धाडकन खाली. शेवटी स्टँड हलवायला लागला, तो खर्च वेगळा.

ऐरोलीकर_ताई
बाप रे, आमची टाकी दक्षिणेलाच आहे. आणि लाईट गेली तर सोलरवर पंखे चालतील ना?

पाचपाखाडी
नाही ताई, बॅटरी नसेल तर लाईट गेली की सोलरचा इन्व्हर्टरही बंद होतो, नाहीतर आपली वीज लाईनमध्ये जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर काढू नका.