मिरचीची झाली मरिची: 'रेंडर'ला मराठीत काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल

भाच्यासाठी एक छोटा खेळ लिहितोय, पायगेममध्ये (पायथन भाषेतली खेळ लिहायची तयार लायब्ररी). वरून भाज्या पडतात, खाली नावं येतात, जोड्या लावायच्या. पोरगा सातवीत आहे, त्याला खेळापेक्षा खेळाच्या पोटात काय आहे यात जास्त रस. म्हणून कोडमधल्या टिपा मराठीत लिहायला घेतल्या आणि पहिल्याच ठिकाणी ठेचकाळलो.

ती जागा म्हणजे फॉन्टचं 'रेंडर'. मी टीप लिहिली, "इथे अक्षरं पडद्यावर दाखवली." त्याने तेवढंच चालवून पाहिलं. पडदा काळाकुट्ट. "मामा, कुठे दाखवली?"

पोराचं बरोबर आहे. पायगेममधलं रेंडर काहीच दाखवत नाही. मजकूर, कडा मऊ हव्यात की नको, आणि रंग, एवढं दिलं की ते एक चित्र तयार करून आपल्या हातात ठेवतं. ते चित्र 'ब्लिट' करून खेळाच्या पटावर लावायचं आणि शेवटी 'फ्लिप' म्हटलं की सगळा पट पडद्यावर येतो. तीन वेगळ्या क्रिया, आणि मी तिन्हींना 'दाखवणे' म्हणत बसलो होतो.

तर 'रेंडर'ला शब्द सुचवा. 'प्रस्तुत करणे' नको, ते सूत्रसंचालकाचं काम. 'सादर करणे'ही नको, त्याला आधी तंबोरा लावावा लागतो. ब्लिट, फॉन्ट, ग्लिफ (फॉन्टमधली एकेक आकृती), बोल्ड, इटॅलिक यांचंही बघा.

जाता जाता दुसरं दुखणं. कांदा, भेंडी, वांगी छान आली. मिरचीची मात्र 'मरिची' झाली. फ्लॉवरमध्ये फ चा पाय मोडून पडला. कोथिंबिरीकडे तर बघवत नव्हतं.

अर्धविराम

इंग्रजीतला हा शब्द फ्रेंचमधून आला, मुळात अर्थ 'परत देणे'. पण तिथला गवंडी भिंतीला गिलावा करतो तेव्हाही रेंडरच करतो, आणि स्वयंपाकघरात चरबी वितळवून गाळतात त्यालाही हेच क्रियापद आहे. म्हणून माझी सूचना: कढवणे. हसू नका. लोणी कढवलं की तूप होतं आणि तुपाचं पुन्हा लोणी होत नाही. इथेही तेच आहे. मजकूर कढवला की चित्र झालं. त्या चित्रातून 'मिरची' हा शब्द परत काढता येत नाही, उरतात ते फक्त रंगीत ठिपके. शब्द बदलायचा तर पुन्हा नवं लोणी चुलीवर.

पाटीपेन्सिल

उपमा भाच्याला सांगितली, एका झटक्यात कळली. आता तो दर दोन मिनिटांनी "मामा, तूप झालं का?" विचारतोय. पण टिपेत 'येथे अक्षरे कढवली' लिहायला हात धजत नाही हो.

पायका बारा

मी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवण्यात पंचवीस वर्षं घालवली, संगणकाचं फारसं कळत नाही. पण तुमच्या मिरचीचं काय झालं ते वाचल्या वाचल्या कळलं. तुमच्याकडे जुळारी नाहीये.

खिळ्यांच्या काळात 'मि' जुळवताना ऱ्हस्व वेलांटी आधी उचलायची, मग म. डोळ्यांना जे आधी दिसतं ते हाताला आधी. मराठी टाइपरायटरवरही वेलांटी आधी दाबायची, मग अक्षर. माझ्या मुलाने मला सांगितलं की संगणकात हे उलट ठेवतात: आधी म, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. ठेवायला हरकत नाही. पण उमटवताना ती वेलांटी उचलून म च्या आधी कुणीतरी ठेवायला नको का? तुमच्या त्या लायब्ररीने ठेवली नाही. आला क्रम तसा लावला. म लावला, मग वेलांटी लावली, ती पुढच्या र च्या डोक्यावर जाऊन बसली. मरिची. कांद्या-भेंडीत ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, म्हणून ती निभावली. फ्लॉवरमधला अर्धा फ हा आमच्याकडे वेगळा खिळा असे. तो खणातून काढून आणायचा असतो हे माहीत नसलेला माणूस अख्खा फ लावून खाली पाय मोडणारच.

आता शब्दाचं. जुळाऱ्याच्या या कामाला मराठीत शब्द आहे आणि तो तुम्ही शेकडो वेळा वाचलाय. कुठल्याही मराठी पुस्तकाचं दुसरं-तिसरं पान उघडा. प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ, आणि त्यांच्यातच कुठेतरी 'अक्षरजुळणी'. खिळे गेले, संगणक आला, तरी तो शब्द त्या पानावरून हलला नाही.

आणि तुमच्या रेंडरला 'उमटवणे' म्हणा. ठसा उमटतो, शाई उमटते, पाऊल उमटतं. आमच्या तोंडी दिवसभर हाच शब्द असायचा: "रफार उमटला नाही, पुन्हा काढ."

पाटीपेन्सिल

काका, नमस्कार. तुमचं निदान शंभर टक्के खरं निघालं. हे जुळाऱ्याचं काम करणारा एक वेगळा प्रोग्राम असतो, त्याचं नाव हार्फबझ. तुमच्या ब्राउझरमध्ये किंवा फोनमध्ये मराठी नीट दिसत असेल तर आत तो किंवा त्याचा एखादा भाऊबंद राबत असतो. पायगेम अक्षरांसाठी ज्या लायब्ररीवर टेकलंय, तिच्यात बरीच वर्षं तो नव्हता. इंग्रजीला त्याच्यावाचून अडत नाही, आपलं पानही हलत नाही.

नव्या आवृत्त्यांत सोय आहे. फॉन्टला लिपी कोणती ते सांगावं लागतं, आणि त्यासाठी चार रोमन अक्षरांचा एक ठरीव संकेत आहे. देवनागरीचा संकेत मराठी माणसाने वाचला तर चक्क 'देवा' असा वाचला जातो. 'देवा' लिहिलं आणि मिरची सरळ झाली.

एक शंका. उमटवणे म्हटलं की दिसणं आलंच ना? माझी मूळ अडचण तीच होती, रेंडर केलं तरी दिसत नाही.

पायका बारा

ठसा कागदावर उमटतो. तो कागद भिंतीला लावेपर्यंत रस्त्यावरच्या माणसाला दिसतो का? उमटवणं वेगळं आणि डकवणं वेगळं.

अर्धविराम

डकवणे! काकांनी न मागता ब्लिटचाही निकाल लावला. एरवीही आपण इथे दुवे आणि फोटो 'डकवतो'च. तो ब्लिट शब्द १९७५ च्या सुमाराचा आहे. झेरॉक्सच्या पार्क केंद्रात डॅन इंगल्स यांनी ही क्रिया बसवली. एका जागेवरचा ठिपक्यांचा चौकोन उचलायचा आणि दुसऱ्या जागेवर ठेवायचा, बस. 'बिट ब्लॉक ट्रान्सफर' या लांबलचक नावाचं ते आखूड रूप. डिंकाची बाटली आणि चित्रांची वही यापेक्षा त्यात जास्त काही नाही. कढवणे मी मागे घेतो. तूप मात्र ठेवा.

हार्फबझवरून आठवलं. तो शब्द फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडा. ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकाराचं ते गमतीने केलेलं फारसी भाषांतर. हर्फ आपल्याला परका नाही, जुन्या मराठीत 'हरफ' होताच.

मोडीवाली

फॉन्टबद्दल बोलते. 'टंक' हा शब्द वापरात आहे, टंकलेखनामुळे कानाला सवयही आहे. संस्कृतात टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी, आणि ठसा मारलेलं नाणंही. टांकसाळ त्यातलीच, आणि ज्या टाकीचे घाव सोसल्यावर दगडाला देवपण येतं ती टाकीही त्यातलीच. गंमत अशी की ग्रीकमध्ये ग्लिफचा मूळ अर्थ कोरणे, आणि फॉन्ट ज्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचा अर्थ धातू वितळवून ओतणे. म्हणजे टंक हा शब्द अर्थाने ग्लिफच्या जवळचा आणि आपण तो फॉन्टला लावून बसलोय. वापर रुळला की व्युत्पत्तीने भांडू नये, त्यामुळे माझी तक्रार नाही. संगणकावरच्या फाइलला टंक म्हणा किंवा सरळ फॉन्ट म्हणा.

पण फाइल वेगळी आणि अक्षराचा चेहरा वेगळा. त्या चेहऱ्याला 'शैली', 'मुद्राशैली' वगैरे म्हणतात, ते मला पटत नाही. आपल्याकडे 'वळण' आहे! बाई पाटीवर काय म्हणायच्या? "अक्षराला वळण नाही." मोडीच्या दफ्तरात तर वळणांना नावं आहेत: चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी. कागद बघून जाणकार सांगतो की हे चिटणिशी वळण. फॉन्टच्या यादीतून नाव निवडताना आपण दुसरं काय करतो? र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला 'मंगल' हे एक वळण, मुंबईच्या एक टाइपचं 'मुक्ता' हे दुसरं. त्याच वळणाचा बारीक, मध्यम, ठळक असा प्रत्येकी वेगळा टंक.

'स्टाइल केलेला मजकूर' याला मी 'वळणदार' म्हणणार नाही हं. ती स्तुती झाली. 'नटवलेला मजकूर' म्हणेन.

पाटीपेन्सिल

वळण घेतलं. आता ठळक विरुद्ध जाड. मी टिपेत 'ठळक' लिहिलं होतं, आणि काल दोन्ही प्रकार शेजारी शेजारी लावून पाहिल्यावर मत बदललं.

पायगेममध्ये फॉन्टला नुसतं बोल्ड हो म्हटलं, तर ते आहे तीच आकृती फुगवतं. मदतपानातच प्रामाणिकपणे लिहिलंय की हे खोटं आहे, बऱ्याच फॉन्टवर चांगलं दिसत नाही, शक्यतो बोल्डची खरी फाइल वापरा. 'भेंडी' फुगवली तेव्हा भ ची गाठ बुजली आणि ड चं पोट जवळजवळ मिटलं. मुक्ताच्या खऱ्या ठळक फाइलमध्ये रेघ जाड झाली तरी पोटातली मोकळी जागा राखलेली दिसते, कारण तिथे माणसाने बसून प्रत्येक आकृती नव्याने आखलीय. पहिला प्रकार 'जाड', दुसरा 'ठळक'. ठळक म्हणजे चटकन नजरेत भरणारं, आकाशवाणीच्या ठळक बातम्यांसारखं. बुजलेली भेंडी जाड आहे, पण ठळक अजिबात नाही.

इटॅलिकला 'तिरपा' ठेवतोय. 'तिरकस' आधी सुचला होता, पण तिरकस बोलणं असतं, अक्षर नव्हे.

मोडीवाली

इटॅलिकचं सरळ नाव इटॅलिकच ठेवलंत तरी चालेल. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने १५०१ मध्ये त्या वळणात अख्खं पुस्तक छापलं. ते तिकडचं हाताचं अक्षर आहे, नुसतं कललेलं सरळ अक्षर नव्हे. देवनागरीत अशी परंपराच नाही. लायब्ररी जे करते ते म्हणजे चित्र ढकलून तिरकं करणं. काना कलतो, शिरोरेघ आडवीच राहते, आणि अक्षर वाऱ्यात उभं असल्यासारखं दिसतं. भाच्याच्या खेळात ते वापरूच नका. आपल्याकडे हाताने लिहिताना लपेटी हवी असेल तर ती मोडीत होती.

अर्धविराम

ग्लिफ राहिलं. काकांच्या न्यायाने 'खिळा' व्हायला हवं. एका टंकात इतके खिळे, क्ष चा वेगळा, अर्ध्या फ चा वेगळा. तर्काला धरून आहे. पण आजच्या मुलाला खिळा म्हणजे सुताराकडचा. "फॉन्टमध्ये खिळा सापडला नाही म्हणून चौकोन आला" हे वाक्य त्याला समजेल का?

पायका बारा

नाही समजलं तर खिळा दाखवा. माझ्याकडे बारा पॉइंटचे मूठभर आहेत अजून.

पाटीपेन्सिल

काका, खरंच दाखवायला आणतो त्याला. तोपर्यंत टिपेत 'अक्षराकृती' लिहितोय, कंसात खिळा.

अक्षरजुळणीचा एक धडा मात्र कालच मिळाला. नाव एकेक अक्षर टाइप होत असल्यासारखं पडद्यावर यावं म्हणून मी मजकुरातलं एकेक चिन्ह सुटं काढून उमटवलं आणि शेजारी शेजारी डकवलं. 'देवा' म्हणूनही उपयोग झाला नाही, जुळाऱ्याला शेजारी कोण आहे तेच दिसत नव्हतं. 'स्त्री' एवढ्या शब्दात सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. सहा चिठ्ठ्या झाल्या. जुळणी आधी, तुकडे मग.

आणि एक अजून. यादीत शेवटी 'कैऱ्या' आहे. सगळं सुधारल्यावरही ती 'कैर्या' अशी येतेय, य च्या डोक्यावर रफार घेऊन. लायब्ररीचाच दोष ना?

मोडीवाली

या वेळी लायब्ररी निर्दोष. तुम्ही साधा र टाइप केलाय. युनिकोडमध्ये नुक्त्याचा ऱ वेगळा आहे, तो घ्या, मग हलन्त, मग य. साध्या र ने 'दर्या' होतो, समुद्र. या ऱ ने 'दऱ्या', डोंगरातल्या. आचार्यांना बोलवायचं की आचाऱ्यांना, तेही यावरच ठरतं. फरक डोळ्याला दिसतो तसा टाइप करतानाही करावा लागतो, जुळारी तो मनाने करणार नाही.

पायका बारा

आमचा करायचा. "कैऱ्या लिहायचं असणार याला" म्हणून खण बदलायचा आणि वर लेखकाला फोन करून दोन शब्द सुनवायचा.

पाटीपेन्सिल

झाली कैऱ्या. भाचा विचारतोय, या ऱ ला नाव काय? मला फक्त 'तो मराठीतला आडवा र' एवढंच येतं. तुमच्या घरी, शाळेत काय म्हणायचे?