शिकवणारं कोणी नाही, तरी अतिवास्तव चित्रं काढायची आहेत. तुम्हाला सुचतं कसं?

मोहफूल
चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात राहते, शिकवण्या घेते, रात्री चित्रं काढते. शिकले कुठेच नाही. मोबाइलवर चित्रकार साल्वादोर दालीची वितळलेली घड्याळं पाहिली आणि तेव्हापासून डोक्यात तसलंच चालू आहे. अडचण अशी की मी ठरवून विचित्र काढते. माणसाला बैलाचं डोकं, झाडाला डोळे. दुसऱ्या दिवशी पाहिलं की ते स्नेहसंमेलनातल्या पुठ्ठ्याच्या मुखवट्यासारखं दिसतं. मैत्रीण म्हणते, तशी स्वप्नं पडावी लागतात. मला स्वप्नात फक्त एसटी चुकलेली दिसते. इथे कोणी असं काढतं का? सुरुवात कुठून करता?

रेषा_ब्रह्मपुरी
ताई, स्वप्नावर अडून बसू नका. फ्रेंच कवी आंद्रे ब्रतोंने १९२४ साली अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिला त्यात स्वप्नाला मोठं स्थान आहे हे खरं, पण चित्रकारांनी हाताच्या युक्त्याही पुष्कळ शोधल्या. माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून शिसं घासलं आणि उमटलेल्या रेषांतून जंगलं, पक्षी काढले. तोही चित्रशाळेत शिकलेला नव्हता. आपले रवींद्रनाथ घ्या. हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळी जोडता जोडता त्यातून अनोळखी प्राणी निघाले, आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर.
घरचं सूप घ्या, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. काय दिसतं ते कळवा.

पडदेवाला
माझं सांगतो जी. मी दुकानाच्या पाट्या रंगवायचो आणि हंगामात वडशाकडं झाडीपट्टीच्या, म्हंजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे. राजमहाल, जंगल, रस्ता, दिवाणखाना. मांजरपाटावर पावडरचा रंग, सरसात, म्हंजे सुतार वापरते त्या जनावरी गोंदात, कालवलेला. सरस जास्त झाला की पडदा गुंडाळताना रंग तडकते, कमी झाला की हाताले लागते. ओला रंग गडद दिसते आणि वाळला की फिका पडते, म्हणून नेहमी एक पायरी पुढचा कालवायचा. एवढंच माझं शिक्षण. पाट्यांचं काम फ्लेक्सनं खाल्लं, मग रिकाम्या हाताले ही चित्रं लागली.

सुचलं कुठून, तर एका नाटकात जंगलाचा पडदा वर जाताना दोरी अडकली. वर सागाच्या फांद्या लोंबून राहिल्या आणि खाली मागच्या पडद्यावरच्या महालाच्या पायऱ्या. राजा आला, पायऱ्यांपुढं उभा राहिला, डोक्यावर जंगल. मले वाटलं आता शिट्ट्या पडतात. कोणी हूं का चूं केलं नाही, बाप्पा! लोक संवाद ऐकत बसले.

मी मात्र त्या पडद्यांकडंच पाहत राहिलो. हे चुकीचं काऊन दिसत नाही? मग ध्यानात आलं, दोन्ही पडदे माझ्याच हातचे. माझी सवय अशी की उजेड डावीकडून. फांदीची सावली उजवीकडं, पायरीची पण उजवीकडं. डोळ्यानं दोन्ही जागा एकच धरल्या.

ताई, तुमच्या बैलाच्या डोक्याचं हेच होत असेल. डोकं एका फोटोतून, अंग दुसऱ्यातून, दोघांचा सूर्य वेगळा. मंग ते चिकटवलेलंच दिसन. दालीच्या घड्याळाच्या मागचे कडे पाहा, ते त्याच्या गावाकडच्या समुद्राकाठचे खरे खडक आहेत, उन्हासकट. चित्र केवढं? २४ बाय ३३ सेंटीमीटर. एवढ्याशात त्यानं सगळं शांतपणे, खरं रंगवलं. बेल्जियमचा चित्रकार मॅग्रित तर पोटासाठी भिंतीच्या कागदांचे नमुने आणि जाहिराती काढायचा, म्हणजे आमच्याच जातकुळीचा. त्याचं एक चित्र आहे, वर भरदिवसाचं आभाळ आणि खाली रात्रीची गल्ली. मी पाहिलं तं म्हटलं, याची पण दोरी अडकली!

आता माझी रीत. विचार पहिले करत नाही. टेबलावर लोटा, छपराचं कवेलू, चप्पल, जे हाताशी असन ते मांडतो, डावीकडून बॅटरी लावतो आणि फक्त सावल्या काढतो. नंतर एकच वस्तू बदलतो, सावली तशीच ठेवतो. लोट्याच्या जागी गावचा जुना मालगुजारी (मामा) तलाव आला तरी सावली लोट्याची. मंग कागद भिंतीकडं तोंड करून ठेवून देतो. घरच्यांनी पाहून "हे काय आहे?" विचारलं तर फाडतो. "हे असं काऊन आहे?" विचारलं तर रंगाले घेतो.

आणि वाघ काढू नका सध्या. आपल्याकडं वाघ खरा आहे, चित्रात आला की लोकाले पेपरची बातमी वाटते.

रेषा_ब्रह्मपुरी
पडदेवाले भाऊ, वाचून मजा आली. पण एकच उजेड हा सगळ्यांचा नियम नाही. या मंडळींच्या आधीचा इटालियन चित्रकार दे किरिको चौकातल्या इमारतींच्या रेषा मुद्दाम एका बिंदूला मिळू देत नाही, आणि तिथेच आपण अस्वस्थ होतो. म्हणजे बेमेळही चालतो, फक्त तो मोजून केलेला हवा.

मोहफूल
सुपावर घासून पाहिलं. बांबूच्या विणीतून धानाच्या बांध्या दिसल्या, वरून पाहिल्यासारख्या. त्यात एक खाट ठेवली आहे. सावली बॅटरी लावून काढली आणि खरंच ती खाट तिथलीच वाटते!
भाऊ, तुमच्या प्रोफाइलवर ते चित्र आहे ना, तलावाचं पाणी पडद्यासारखं गुंडाळलंय आणि खाली स्वयंपाकघर, चूल पेटलेली. तिथे उजेड दोन झाले की. तुमचा नियम तुम्हीच मोडला.

पडदेवाला
बरोबर पकडलं जी! चुलीचा उजेड मी चुलीवरच्या गंजाच्या (पातेल्याच्या) बुडाले आणि जवळच्या भिंतीले दिला, त्यापुढं जाऊ दिला नाही. बाकी सगळ्यावर वरचा दिवसच. मॅग्रितच्या गल्लीत पण खांबावर दिवा आहे, तो आपल्यापुरताच जळते, आभाळाले हात लावत नाही. दे किरिकोचं रेषा_ब्रह्मपुरी म्हणतात ते पाहतो, माझ्या डोळ्याले ते अजून झेपत नाही.

खाट कापडावर घेणार असान तर ऑइल पेंट कोऱ्या मांजरपाटावर थेट लावू नका, तेलानं कापड कुजते. पहिले सरसाचा पातळ हात द्या, वाळू द्या, मंग खडूची पूड सरसात कालवून दोन हात. सरस सुतारकामाच्या सामानाच्या दुकानात विचारा. रात्रभर भिजवा आणि गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका, उकळला की चिकटपणा जाते.