मदत हवी आहे: घाटात पिकअप पाणी खातेय, कूलंट घरी कसं तपासायचं?

बागायतदार२१

नमस्कार मंडळी,

आमची अडीच लिटरची बीएस ६ डिझेल पिकअप आहे. २०२१ ची, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. एरवी खत, चिरे, पेंढा काहीही वाहते. मार्च ते मे मात्र आंब्याच्या पेट्या घेऊन रत्नागिरी–कोल्हापूर. साखरप्यापर्यंत काही तक्रार नाही. भरल्या गाडीने आंबा घाट लागला की तिसऱ्या-चौथ्या वळणापासून तापमानाचा काटा निम्म्याच्या वर सरकायला लागतो आणि माथ्यावर पोचलं की परत जागेवर येतो. ओव्हरहीटचा दिवा अजून लागलेला नाही.

गेल्या सीझनपासून कूलंटच्या बाटलीतलं पाणी महिन्याला अर्धा-पाऊण लिटर कमी होतंय. मला हे उशिरा कळलं, कारण गाडी धाकटा भाऊ चालवतो आणि कमी झालं की तो भरत होता. काय भरत होतास विचारलं, तर म्हणाला, "विहिरीचं." आमची विहीर खाडीकाठी आहे. मे महिन्यात तिचं पाणी इतकं मचूळ होतं की आम्ही ते प्यायला घेत नाही.

काल सकाळी गाडी पूर्ण थंड असताना झाकण काढलं आणि धुतलेल्या लोणच्याच्या बरणीत अर्धा लिटर काढून ठेवलं. मूळ कूलंट गुलाबी होतं. आता गुळवणीसारखं दिसतंय. आज पाहिलं तर तळाला नखभर जाडीचा तांबूस गाळ बसलाय, चिमटीत रवाळ लागतो. वर ऑइलचा तवंग नाही. डिपस्टिकवरचं ऑइल काळं आहे, पण दह्यासारखं झालेलं नाही.

मिस्त्री म्हणाले, "रंग आहे म्हणजे कूलंट आहे, वरून लिटरभर हिरवं टाका." मला ते पटत नाही. कूलंट चांगलं की वाईट हे रंगावरून कळतं का? नसेल तर घरी कशाने मोजायचं? आणि पाणी जातंय कुठे, जमिनीवर तर थेंब दिसत नाही. बागेत मोहर चांगला आहे, महिन्याभरात पहिल्या पेट्या निघतील. गाडीचे दीड वर्षाचे हप्ते बाकी आहेत. घाटात इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा भाग) गेलं तर सीझनही जाईल आणि गाडीही. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

जुना_फिटर

एसटीच्या आगारात ३१ वर्षं काढली, त्यावर सांगतो. रंगावर जाऊ नका. रंग म्हणजे कंपनीने घातलेली शाई. गुलाबी, हिरवं, निळं, केशरी, एकाच जातीचं कूलंट दोन कंपन्या दोन रंगांत विकतात. हिरवं वरून अजिबात टाकू नका. जुन्या पद्धतीच्या हिरव्यात गंजरोधक म्हणून सिलिकेट-फॉस्फेट असतात, तुमच्यातलं गंजरोधक सेंद्रिय आम्लाचं असणार. दोन्ही मिसळलं की दोघांचंही आयुष्य घटतं, आणि कधी कधी चिकट साका होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात.

पाणी कुठे जातंय याचं उत्तर आधी शोधा. सगळ्यात स्वस्त चीज आधी: रेडिएटरचं झाकण. त्याच्यावर आकडा छापलेला असतो, १.१ किंवा तत्सम. निम्म्या कूलंटचं पाणी उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं, झाकणाने १.१ बार दाब धरला की तेच १२५ च्या पुढे जातं. स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर कडक झालं की घाटात दाब झाकणातूनच सुटतो आणि पाणी वाफेने उडून जातं. जमिनीवर थेंब कसा दिसणार? गॅरेजमध्ये हातपंपाचा प्रेशर टेस्टर असतो. झाकण त्यावर लावून बघा, मग रेडिएटरला लावून छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या आणि वीस मिनिटं काटा बघत बसा. दाब उतरला तर वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी हात फिरवा, तिथे सुकलेल्या गुलाबी-पांढऱ्या खाराची रेघ असते. केबिनमध्ये गोडसर वास येत असेल, आतून काच धुरकटत असेल, तर हीटर कोर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय.

डंपरवाला_चंद्रपूर

दादा, आमच्या खाणीवरच्या डंपरमध्ये आम्ही दर सर्व्हिसला नायट्राइटची पट्टी लावतो आणि कमी आलं तर ॲडिटिव्हची बाटली ओततो. नाहीतर लायनरला, म्हणजे पिस्टन फिरतो त्या नळकांड्याला, बाहेरून भोकं पडतात. तुम्हीही ओता.

लॅबवाली_पुणे

डंपरवाले दादा, तुमच्या इंजिनात ते बरोबर आहे, त्यांच्यात नको. मोठ्या इंजिनात ओले लायनर असतात, बाहेरून थेट पाणी लागतं. ज्वलनाच्या ठोक्याने लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन त्याच्या अंगावरच फुटतात आणि लोखंड टोचत जातात. नायट्राइट तिथे पापुद्रा धरून ठेवतं. छोट्या पिकअपच्या इंजिनात सहसा असे ओले लायनर नसतात आणि कूलंटही वेगळं असतं. मॅन्युअलमध्ये लिहिलं नसेल तर वेगळं काही ओतायचं नाही.

बागायतदार दादा, मोजायच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, ग्लायकॉल, म्हणजे पाण्यात मिसळलेलं कूलंटचं मूळ द्रव, किती. त्याला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, हजार-बाराशेत मिळतो. आधी काचेवर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आणा, पुसा, मग कूलंटचा थेंब टाकून उजेडाकडे धरा. वर निळं, खाली पांढरं दिसतं, जिथे रेघ येते तो आकडा. इथिलीन ग्लायकॉलची पट्टीच वाचा, शेजारी बॅटरी ॲसिडचीही असते. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ च्या आसपास दाखवेल. आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, असं म्हणून तो आकडा सोडून देऊ नका. तो गोठणबिंदू असला तरी आपण त्यावरून ग्लायकॉलचं प्रमाण वाचतोय.

दुसरी, गंजरोधक शिल्लक आहेत का. हे रिफ्रॅक्टोमीटर सांगतच नाही. ग्लायकॉल पाच वर्षांनीही ग्लायकॉलच दिसतं, पण उष्णतेने त्याचा थोडा भाग आम्लात बदलत जातो आणि ती आम्लं मारता मारता गंजरोधक संपतात. त्यासाठी पीएचची पट्टी. पट्टी सेंद्रिय आम्लाच्या कूलंटची घ्या, नवीन साधारण ८ ते ९ दाखवतं. ७ च्या आसपास उतरलं की बदला.

मला खरी काळजी विहिरीच्या पाण्याची वाटते. मचूळ पाण्यात क्लोराइड असतं. ॲल्युमिनियमवर जो ऑक्साइडचा पापुद्रा असतो, तो क्लोराइड ठिकठिकाणी फोडतं आणि तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे खोल जात राहतात. तुमचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा असणार, हेडही. तांबूस गाळ बहुतेक लोखंडी ब्लॉकचा गंज आहे.

बागायतदार२१

ताई, काका, मनापासून आभार. रिफ्रॅक्टोमीटर आणि पट्ट्या मागवल्या. रिफ्रॅक्टोमीटरवर उणे १० आलं. पट्टी ७ च्याही जरा खाली. मल्टिमीटर होता म्हणून काळी सुई बॅटरीच्या उण्याला लावून लाल सुई नुसती कूलंटमध्ये धरली, कुठे धातूला लागू न देता. ०.४२ व्होल्ट. सिस्टिम नऊ लिटरची आहे. थोडं काढून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) टाकलं तर चालेल का?

लॅबवाली_पुणे

उणे १० म्हणजे ग्लायकॉल २२ टक्क्यांच्या आसपास. हिशोबाने सव्वातीन लिटर काढून तेवढंच कॉन्सन्ट्रेट टाकलं की ५० टक्के होईल. पण तसं करू नका. आतलं मीठ आणि आम्ल तसंच राहील. सगळं काढा.

जुना_फिटर

०.४२ जास्त आहे. आम्ही ०.३ च्या आत असेल तर ठीक धरायचो. आता इंजिन चालू करून हेडलाइट, ब्लोअर लावून परत मोजा. आकडा वर उडाला तर कुठलं तरी अर्थिंग सैल आहे, करंट पाण्यातून जातोय. तसाच राहिला तर कूलंटच खराब.

धुताना ड्रेन खोलून सगळं काढलं तरी ब्लॉकमध्ये दोन-तीन लिटर राहतंच. डिस्टिल्ड पाणी भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, वरचा होज गरम लागला की बंद करा, थंड होऊ द्या, काढा. पाणी नितळ येईपर्यंत हेच. शेवटी आधी साडेचार लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग वर डिस्टिल्ड. इथेच लोक चुकतात: तयार प्रीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) भरतात, ते आत राहिलेल्या पाण्यात मिसळून पातळ होतं. भरताना हीटर फुल गरमवर, बोनेटची बाजू चढाला, म्हणजे हवा निघेल.

आणि काढलेलं अंगणात उघडं ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री-गुरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. आमच्या आगाराच्या मागे एक कुत्री अशीच गेली, तिची पिल्लं आठवतात अजून.

बागायतदार२१

दहा दिवसांनी लिहितोय. लाइट-ब्लोअर लावूनही ०.४३ च, म्हणजे अर्थिंग ठीक. झाकण टेस्टरवर अर्ध्या बारलाच फुस्स झालं. नवीन झाकण घातलं, रेडिएटरला १.१ दिला, वीस मिनिटांत काटा हलला नाही. हेड गास्केटची भीती होती म्हणून इंजिनाचा गॅस कूलंटमध्ये येतोय का ते दाखवणारी निळ्या द्रावणाची टेस्टही करून घेतली, रंग बदलला नाही.

चार वेळा धुतलं. पहिल्या खेपेला चहाच्या चोथ्यासारखं आलं, तिसऱ्यात फिकट, चौथ्यात बरणीतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत होतं. नवीन कूलंट भरून उणे ३६, पट्टी ८.५, मल्टिमीटर ०.०९. जुनं तीन बंद कॅनमध्ये आहे, गॅरेजवाले वापरलेल्या ऑइलबरोबर नेणार आहेत.

परवा मुद्दाम चिऱ्यांचा भरलेला ट्रिप घेऊन भावाबरोबर मीही आंबा घाट चढलो. काटा निम्म्यावर राहिला. माथ्यावर थांबून अर्धा तास चहा घेतला, बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवलेली, पाणी रेघेवरच. भावाने स्वतःहून सीटमागे निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा पाच लिटरचा कॅन बांधलाय, त्यावर मोठ्या अक्षरात "फक्त हेच" लिहिलंय.

काका, रेडिएटरला आत खड्डे पडले असतील तर ते आत्ता दिसणार नाहीत ना? सीझनमध्ये प्रेशर टेस्ट किती दिवसांनी करू?

जुना_फिटर

महिन्यातून एकदा, तीन महिने. आणि दर रविवारी सकाळी थंड गाडीची रेघ बघायची, ते भावालाच करू दे.