पार्क ग्वेलचं तिकीट: पर्यटकाने मोजावं का?

भटकी_पावलं
उन्हाळ्यात युरोपला निघालेल्यांच्या बेतात बार्सिलोना असलं की पार्क ग्वेल असतंच. वास्तुरचनाकार गाउदीने डोंगरउतारावर रचलेल्या या बागेच्या मुख्य भागाचं तिकीट आता १८ युरो झालंय, आणि "बागेत फिरायचे एवढे पैसे?" ही कुरकुर सगळीकडे ऐकू येते. मला हे तिकीट रास्त वाटतं. ऑक्टोबर २०१३ पर्यंत तिथे कुणीही फुकट जात होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या फुटक्या टाइल्सच्या कामावर रोज हजारो लोक टेकणार, हात फिरवणार, तर देखभालीचा पैसा पाहुण्यानेच द्यायला हवा. फक्त पैसे भरून आत गेलात तर जिन्यावरच्या टाइल्सच्या सरड्याच्या पुतळ्यासोबत फोटो काढून लगेच बाहेर पडू नका. निदान अर्धा दिवस द्या.

रानजाई
अजिबात पटलं नाही. १९२६ साली ही बाग लोकांसाठी खुली झाली. पुढची ८७ वर्षं ती कुणाचीही होती, मनात आलं की यावं आणि बाकावर बसून शहर नि समुद्र बघावा. आता? तिकिटावरच्या वेळेपासून अर्ध्या तासात आत शिरलं नाही तर प्रवेश नाही. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत नाही. अशा जागेला बाग कशी म्हणायची? पर्यटक फार झाले तर हॉटेलांना, क्रूझ बोटींना आवर घाला. ते अवघड जातं, म्हणून बागेला दार लावलं.

डोंगरवाट
मी बार्सिलोनातच राहते, पार्कच्या खालच्या बाजूला. रानजाई, तुमचा राग समजतो, पण तुम्ही ज्यांच्या वतीने बोलताय त्या शेजाऱ्यांनीच आवर घाला म्हणून तगादा लावला होता. एकच उदाहरण देते. ११६ नंबरची बस छोटीशी आहे, ला सालुत वस्तीतल्या चढावरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी. गूगल मॅप्स प्रत्येक पर्यटकाला तीच सुचवायचं. पिशव्या घेतलेल्या आजीबाईंना बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळेना. शेवटी लोकांच्या मागणीवरून २०२४ मध्ये हा मार्ग नकाशातूनच काढून टाकला. शहरातल्या रहिवाशांना नोंदणी केली की पार्कमध्ये फुकट जाता येतं, हेही लक्षात घ्या.

रानजाई
आपल्याच बागेत जायला नोंदणी करायची, हेच तर माझं दुखणं आहे.

भटकी_पावलं
रानजाई, "कुणाचीही होती" हे १९२६ नंतर खरं. मुळात ती बाग नव्हतीच. एउसेबी ग्वेल या धनाढ्य उद्योजकाला १९०० च्या सुमारास तिथे श्रीमंतांची वसाहत वसवायची होती. साठ प्लॉट पाडले, भोवती भिंत घातली. घरं उभी राहिली अवघी दोन, आणि त्यातलं एकही गाउदीने आखलेलं नाही. त्यातल्याच एका घरात तो १९०६ पासून जवळजवळ वीस वर्षं राहिला. १९१४ मध्ये काम थांबलं, १९१८ मध्ये ग्वेल वारले आणि १९२२ मध्ये नगरपालिकेने जागा विकत घेतली.

आणि अर्धा दिवस का म्हणतो ते सांगतो. तो नागमोडी बाक ज्या मैदानाला वेढून आहे ते मैदान फरसबंद नाही, मातीचं आहे. पाऊस मातीतून गाळून खाली उतरतो आणि मैदान पेलणाऱ्या खांबांच्या पोटातून तळाच्या टाकीत जमा होतो. टाकी सुमारे १,२०० घनमीटरची. ती भरून वाहू लागली की जादा पाणी जिन्यावरच्या त्याच सरड्याच्या तोंडातून बाहेर पडतं! खाली ८६ खांबांचा मंडप आहे, तो वसाहतीच्या बाजारासाठी बांधला होता. तिथे मान वर करून छत बघा. जुजोल या गाउदीच्या सहकाऱ्याने फुटक्या बशा नि बाटल्यांचे तुकडे जोडून तिथली चक्रं सजवलीत. वरचे रस्ते पेलणारे तिरके खांब तर तिथल्याच डोंगराच्या दगडाचे आहेत. सरड्यापुढच्या रांगेतून यातलं काय दिसणार?

रानजाई
पाण्याची युक्ती थोर आहे, त्याबद्दल वादच नाही. पण तुमचा इतिहास तुमच्याच विरोधात जातो. पैसेवाल्यांसाठी भिंत घातली, तेव्हा ती जागा ओस पडली. लोकांच्या हाती आली तेव्हा ती जगली. आणि आता पुन्हा पैसे मोजणाऱ्यालाच आत घ्यायचं? दोघांचे ३६ युरो काहींना काहीच वाटणार नाहीत, पण बेताच्या पैशांत फिरणाऱ्या विद्यार्थ्याने काय करायचं?

हिरवीकंच
त्याने तिकिटाबाहेरच्या रानात फिरावं की. झाडं आहेत, पायवाटा आहेत, शहर दिसतं. मला तर तोच भाग जास्त आवडला.

रानजाई
म्हणजे गाउदी श्रीमंतांना आणि झाडं बाकीच्यांना. ही वाटणी मला मान्य नाही.

डोंगरवाट
मलाही ती सुखाची वाटत नाही. सवलत मिळावी, विद्यार्थ्यांना तर नक्कीच. पण दार काढून टाका म्हणाल तर माझा विरोध आहे, कारण त्या गर्दीत राहायचं आम्हाला आहे. जे येणार असतील त्यांनी मेट्रोने वायकार्काला उतरावं, पुढे चढावर सरकते जिने आहेत. ११६ मात्र वस्तीतल्या लोकांसाठी राहू द्या.